रोलचा कॅमेरा आजही व्यवहार्य आहे का? सुरतेचा हिशेब

सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारात नव्या साडीचा नमुना तयार झाला की त्याचे छायाचित्र देशभरातील व्यापाऱ्यांच्या मोबाइलवर काही तासांत पोहोचावे लागते. एका दिवसात शेकडो छायाचित्रे, तीही कापडाचा नेमका रंग दाखवणारी. रोल भरायचा, तो संपेपर्यंत थांबायचे, मग धुवायला द्यायचा, हा क्रम अशा बाजाराला परवडणारा नाही. त्यामुळे ‘डिजिटल युगात रोलचा कॅमेरा व्यवहार्य आहे का’, या प्रश्नाचे पहिले उत्तर सुरतेच्या बाजाराने केव्हाच देऊन टाकले आहे. तरीही प्रश्न तेथेच संपत नाही.

आधी खर्चाचा विचार करू. पस्तीस मिलिमीटरच्या एका रोलवर ३६ चित्रे येतात. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून दीड हजार रुपये धरले, तर एका चित्राला सुमारे ४२ रुपये पडतात. मध्यम आकाराच्या १२० क्रमांकाच्या रोलवर चौरस चित्रे अवघी बाराच येतात. तेथे हा आकडा आणखी चढतो. रोल महाग असण्यामागे दोन कारणे ठळक आहेत. पहिले कारण चांदी. रोलवरील प्रकाशसंवेदी थर चांदीच्या क्षारांचा असतो. ज्या धातूने सुरतेच्या जरीला पिढ्यान्‌पिढ्या झळाळी दिली, तोच धातू येथेही कामाला येतो. दुसरे कारण आयात. उटी येथे १९६० साली स्थापन झालेली सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी ‘इंदू’ या नावाने रोल बनवत असे. ती बंद पडली आणि आपली भिस्त परदेशी मालावर राहिली.

खर्चापेक्षाही मोठी अडचण धुलाईची आहे. कृष्णधवल रोल साधारणतः २० अंश सेल्सिअसच्या द्रावणात धुतला जातो. सुरतेत मे महिन्यात नळाचे पाणीच त्याहून बरेच गरम असते. म्हणून बर्फ वापरून पाणी थंड करावे लागते किंवा तापमानानुसार वेळ कमी करावी लागते. रंगीत रोलचे गणित उलटे. त्याचे द्रावण ३८ अंशांच्या आसपास अगदी स्थिर ठेवावे लागते, थोड्याशा फरकानेही रंग बदलतात. हे काम करणारी लॅबची यंत्रे रोज पुरेसे रोल आले तरच नीट चालतात. रोल कमी आले की द्रावण न वापरताच हवेने खराब होते आणि लॅबचालकाला तोटा सोसावा लागतो. गल्लोगल्लीच्या लॅब बंद पडण्याचे हे खरे कारण आहे. मग हौशी माणसापुढे दोनच मार्ग उरतात : रोल कुरिअरने मोठ्या शहरातील लॅबकडे पाठवणे, किंवा कृष्णधवल रोल घरीच धुणे. दुसऱ्या मार्गाला प्रकाशबंद टाकी, तापमापक आणि तीन-चार द्रावणे एवढेच साहित्य पुरते. मात्र वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते. तो गटारात ओतणे योग्य नाही.

एवढा उपद्व्याप करूनही रोल कोण वापरतो? ज्याला घाई नाही आणि ज्याला प्रत्येक चित्रापूर्वी विचार करायचा आहे, तो. अशा ग्राहकांची संख्या लहान असली तरी ती बाजाराला दिसू लागली आहे. कोडॅकने बंद केलेला एक्टाक्रोम रोल २०१८ मध्ये पुन्हा आणला, तर २०२४ मध्ये पेंटॅक्सने रोलचा नवा कॅमेरा बाजारात उतरवला. रोल मरत नाही, पण तो आता सर्वसाधारण साधन न राहता विशिष्ट कामाचे साधन झाला आहे.

रोलची दुसरी बाजू जपणुकीची आहे. सुरतेपासून जवळच असलेल्या नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावाला यांनी टिपलेली सत्तांतराच्या काळातील दिल्ली आज आपण पाहू शकतो, ती निगेटिव्ह टिकल्या म्हणून. निगेटिव्ह वाचायला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही. ती उजेडासमोर धरली तरी चित्र दिसते. परंतु ती अमर नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा पुरात घरोघरचे अल्बमही सापडतात. भिजलेली छायाचित्रे एकमेकांना चिकटून वाळली की जिलेटिनचा थर सुटून येतो. ती ओली असतानाच स्वच्छ, थंड पाण्यात अलगद सोडवून सावलीत वाळवली, तर बरीचशी वाचतात. याउलट बुडालेल्या संगणकातील चित्रांची दुसरी प्रत नसेल, तर ती परत मिळण्याची आशा थोडीच असते.

हा धडा आपल्या गोव्यालाही तितकाच लागू आहे. येथील पावसाळी दमट हवेत भिंगावर आणि निगेटिव्हवर बुरशी चढायला वेळ लागत नाही. वडिलांचा जुना कॅमेरा बंद चामडी पिशवीत कपाटाच्या तळाशी ठेवणे, म्हणजे बुरशीला आमंत्रणच. तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. निगेटिव्ह चिकट प्लास्टिकच्या अल्बममधून काढून आम्लरहित कागदी पाकिटांत ठेवाव्यात. डिजिटल कॅमेऱ्याने, मागून प्रकाश देऊन, त्यांच्या प्रती काढाव्यात. या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात, पण मूळ निगेटिव्ह मात्र टाकू नयेत.

तेव्हा व्यवहार्यतेचा निकाल कामावर अवलंबून आहे. लग्नसमारंभ, व्यापार, बातमी यांसाठी डिजिटलला पर्याय नाही. नव्याने शिकणाऱ्याने, वर्षाकाठी पाच-सहा रोलांचा खर्च झेपत असेल तर, आधी एक कृष्णधवल रोल घरी धुऊन पाहावा. त्या एका रोलाने हा छंद आपला आहे की नाही, हे कळते. आणि ज्यांना रोल कधीच वापरायचा नाही, त्यांनीही घरातील जुन्या निगेटिव्ह पुढच्या पावसाळ्याआधी एकदा उघडून पाहाव्यात.