सर्वांचे पाणी

मराठीत 'फड' हा शब्द अनेक प्रसंगी कानांवर पडतो. कुस्त्यांचा फड असतो, तमाशाचा फड असतो आणि उसाचाही फड असतो. खानदेशात मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तो शेतीशी आणि पाण्याशी निगडित आहे. पण त्यात माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, हेही सांगितलेले आहे.

नरडाणा हे आमचे गाव धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यात आहे. मुंबई-आग्रा हमरस्ता गावालगत आहे आणि सुरत-भुसावळ लोहमार्गही येथूनच जातो. रस्त्याने मालमोटारी रात्रंदिवस धावतात. दुकाने नाना वस्तूंनी भरलेली असतात. आमच्या लहानपणी घरातील पितळी भांड्यांना वर्षातून एकदा कल्हई लावीत, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवीत आणि मोडलेले औत सुताराकडे नेत. वस्तू मोडली म्हणून ती टाकून द्यावी, हे कोणाच्या मनातही येत नसे. आज पुष्कळ वस्तू टाकून देण्यासाठीच विकत घेतल्या जातात. अधिक वस्तू म्हणजे अधिक सुख, असे मानून जगण्याच्या या वृत्तीला 'चंगळवाद' म्हणतात.

या वृत्तीचा एक मोठा दोष असा, की तिला 'पुरे' हा शब्द ठाऊक नाही. वस्तू कारखान्यात पुन्हा करता येते. परंतु नदीचे पाणी, रानातील झाडे आणि शेतातील माती कोणत्याही कारखान्यात निर्माण होत नाहीत. ती मोजकीच असतात आणि सर्वांची असतात. मग मोजकी वस्तू सर्वांनी कशी वापरावी? या प्रश्नाचे उत्तर आमच्या पांझरा नदीच्या काठच्या शेतकऱ्यांनी काही शतकांपूर्वीच शोधून काढले होते.

पांझरा साक्री तालुक्याच्या डोंगरांत उगम पावते, धुळे शहरावरून वाहते आणि पुढे शिंदखेडा तालुक्यातील मुडावद येथे तापीला मिळते. हा प्रदेश कमी पावसाचा. म्हणून शेतकऱ्यांनी नदीवर ठिकठिकाणी दगडी बंधारे बांधले. बंधाऱ्याने अडलेले पाणी पाटाने शेतांकडे नेले. एका बंधाऱ्याला पाणी पुरले, की उरलेले पाणी पुढे खालच्या बंधाऱ्याला मिळे. नाशिक जिल्ह्यातील मोसम नदीच्या काठीही अशीच व्यवस्था होती.

एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीला 'थळ' म्हणत. या थळाचे बहुधा तीन किंवा चार मोठे भाग पाडीत. त्या प्रत्येक भागाला 'फड' हे नाव होते. एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यावयाचे, असा नियम असे. एका फडात ऊस, तर दुसऱ्या फडांत हंगामी पिके. पुढील वर्षी पिकांची अदलाबदल. त्यामुळे जमिनीचा कस टिकून राही. एका फडातील सर्व पिकाला एकाच वेळी सारखे पाणी लागे. म्हणून पाट उगाच सर्व रानभर वाहता ठेवावा लागत नसे आणि पाण्याची नासाडी टळे.

आता या पद्धतीतील मर्म पाहा. शेतकऱ्याची जमीन सामान्यतः एकाच ठिकाणी नसून निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. समजा, एका थळाचे चार फड आहेत आणि एका शेतकऱ्याची प्रत्येक फडात एक-एक एकर जमीन आहे. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला. गावचे पंच बसून ठरवीत, की यंदा दोनच फडांना पाणी द्यावयाचे. अशा वेळी या शेतकऱ्याची दोन एकर जमीन भिजे आणि त्याच्यासारख्या इतरांचीही दोनच एकर भिजे. पाटाच्या तोंडाशी असलेल्याची चारही एकर भिजावी आणि शेपटाकडील माणसाने कोरड्या पाटाकडे पाहत बसावे, असे होत नसे. टंचाई आली तर ती सर्वांच्या वाट्याला येई आणि सुकाळ आला तर तोही सर्वांचा असे.

ही व्यवस्था चालविण्यासाठी माणसे नेमलेली असत. 'पाटकरी' पाणी सोडी आणि ते शेतांना पाळीने देई. 'जागल्या' पिकांची राखण करी. या दोघांच्या कामावर 'हवालदार' देखरेख ठेवी. त्यांचा मोबदला शेतकरी आपल्या जमिनीच्या प्रमाणात, पुष्कळदा धान्याच्या रूपाने, देत. हंगामापूर्वी पाटातील गाळ काढण्यासाठी सर्वांनी श्रमदान करावयाचे असे. सरकारी कायद्याने ही व्यवस्था निर्माण केली नव्हती. लोकांनी ती स्वतःच घडविली आणि स्वतःच पाळली.

तथापि जुने ते सगळेच सोने होते, असे मी म्हणणार नाही. ज्याला जमीन नव्हती, त्याला त्या पाण्यातही वाटा नव्हता. गावात उच्च-नीच भेद होते. ते दोष आपल्याला पुन्हा नको आहेत. पुढे नद्यांवर मोठी धरणे झाली, विहिरींवर पंप बसले आणि ज्याच्याजवळ पंप त्याचे पाणी, असे होऊ लागले. जो तो आपल्यापुरते पाहू लागला. बऱ्याच ठिकाणी फड मोडले. काही ठिकाणी मात्र ते आजही टिकून आहेत. पंप ही वाईट वस्तू नव्हे. परंतु पंपाबरोबर पंच गेले, पाळी गेली आणि 'आपले पाणी' या शब्दांच्या जागी 'माझे पाणी' हे शब्द आले, ही हानी मोठी आहे. प्रत्येकाने अधिक खोल खणावयाचे ठरविले, तर शेवटी सर्वांच्याच विहिरी कोरड्या पडतात.

मग मोडलेली गोष्ट पुन्हा सांधता येते काय? याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, बारीपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. एके काळी भोवतालचे जंगल तुटून गेले होते आणि पाण्यासाठी स्त्रियांना दूर जावे लागे. १९९० नंतरच्या काही वर्षांत श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावकरी एकत्र आले. त्यांनी झाडे न तोडण्याचा नियम केला, तो मोडणाऱ्याला दंड ठरविला आणि जंगलाची राखण आरंभिली. सुमारे १,१०० एकर जंगल त्यांनी सांभाळले. जंगल वाढले तसे पाणी जमिनीत मुरू लागले आणि विहिरींना पाणी आले. २००४ सालापासून तेथे रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरते. जंगल राखले म्हणून ताटात काय येते, हे तेथे पाहुण्यांनाही कळते. २०२५ साली श्री. पवार यांना 'पद्मश्री' हा सन्मान जाहीर झाला. बारीपाड्याने जंगलाचा उपयोग सोडला नाही. जंगलाचा उपभोग किती घ्यावयाचा, एवढेच सर्वांनी मिळून ठरविले.

मी शाळेत असताना एकदा एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "गुरुजी, सर्वांनीच कमी वस्तू घेतल्या, तर दुकानदाराने आणि कारखान्यातील कामगाराने काय खावे?" प्रश्न योग्य होता. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत अनेकांच्या घरची चूल पेटते. मी त्याला म्हणालो, "फडातही ऊस पिकत होता आणि त्याचा गूळ बाजारात विकला जात होता. खरेदी-विक्री थांबवावी, असे मी सांगत नाही. मोडलेली वस्तू दुरुस्त करणाऱ्याच्या हातांनाही काम मिळते. ज्या गावाची विहीरच आटली, त्या गावात मात्र दुकान कोणासाठी उघडावयाचे?" तो विचारात पडला. खरे सांगावयाचे तर मीही त्या दिवसापासून या प्रश्नाचा विचार करीत आहे.

बालमित्रांनो, तुम्ही एखादी वस्तू घ्यावयास निघाल तेव्हा स्वतःला दोन प्रश्न विचारा. मला हिची खरोखर गरज आहे काय? आणि ही मी घेतली, तर दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमी होईल काय? पांझरेकाठचे पंच दरवर्षी हेच प्रश्न पाण्याविषयी विचारीत असत. ते उत्तर एकट्याने शोधीत नसत. सर्व मिळून शोधीत.