विमानतळ-नगर वाहतूक

विमानतळ आणि तो ज्या नगराच्या सेवेसाठी उभारलेला असतो ते नगर यांच्या दरम्यान प्रवासी, त्यांचे सामान, विमानतळावरील कर्मचारी, तसेच प्रवाशांना पोचवावयास व उतरवून घ्यावयास येणारी मंडळी यांची ने-आण करणारी व्यवस्था. रस्ते, उड्डाणमार्ग, वाहनतळ, बस, टॅक्सी, रिक्षा, उपनगरी रेल्वे व मेट्रो रेल्वे यांचा तीत समावेश होतो. हवाई प्रवासाचा हा पहिला आणि शेवटचा टप्पा होय. अंतराच्या मानाने तो अल्प असला, तरी वेळ व दगदग यांच्या मानाने तो पुष्कळदा प्रवासाचा सर्वांत मोठा भाग ठरतो. मुंबई ते नागपूर हे अंतर विमान सु. दीड तासात तोडते. मुंबईच्या फोर्ट भागातून सहारच्या विमानतळापर्यंतच्या सु. २५ किमी. रस्त्याला गर्दीच्या वेळी तितकाच वेळ लागू शकतो.

अंतराचा प्रश्न : विमानतळ नगरापासून दूर असण्याची कारणे तांत्रिक आहेत. मोठ्या जेट विमानांना सु. ३ किमी. वा त्याहून अधिक लांबीची धावपट्टी लागते. धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडील विमानमार्गांखाली इमारतींच्या उंचीवर निर्बंध घालावे लागतात आणि विमानांच्या आवाजाचा उपद्रव दाट वस्तीला सोसवत नाही. त्यामुळे नवा विमानतळ नगराबाहेरच्या मोकळ्या जागी बांधला जातो. कालांतराने नगर वाढत जाऊन त्याला वेढते, विमानतळाच्या विस्ताराला जागा उरत नाही आणि आणखी दूरची जागा शोधावी लागते. विमाने जसजशी वेगवान व मोठी झाली, तसतसा जमिनीवरचा प्रवास लांबत गेला, असा हा विरोधाभास आहे.

इतिहास : १९२०–३० या दशकात विमानप्रवासी थोडे असत व विमान कंपन्या त्यांना नगरातील आपल्या कचेरीतून स्वतःच्या मोटारीने धावपट्टीपर्यंत नेत. बर्लिनच्या टेंपलहोफ विमानतळाला १९२७ मध्ये भुयारी रेल्वेचे स्थानक लाभले. लंडनजवळील गॅटविक येथे १९३६ मध्ये विमानतळाची वर्तुळाकार इमारत रेल्वे स्थानकाला पादचारी भुयाराने जोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवासी वाढल्यावर नगरातच ‘हवाई स्थानक’ उभारून तेथे तिकीट-तपासणी करावयाची, सामान ताब्यात घ्यावयाचे व प्रवाशांना बसने विमानतळावर पोचवावयाचे, ही पद्धत रूढ झाली. लंडनच्या क्रॉमवेल मार्गावरील असे स्थानक १९५७ मध्ये सुरू झाले. रस्त्यांवरील कोंडीमुळे बसच्या वेळा अनिश्चित होऊ लागल्या, तेव्हा रेल्वेकडे पुन्हा लक्ष वळले. टोकिओत हानेडा विमानतळापर्यंतची एकरूळी रेल्वे १९६४ मध्ये आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतची भुयारी रेल्वे १९७७ मध्ये सुरू झाली.

साधने : टॅक्सी हे सर्वांत लवचिक साधन होय. ती दारापासून दारापर्यंत जाते व रात्री-अपरात्रीही मिळते. परंतु ती महाग असते आणि परक्या प्रवाशाची भाड्यात फसवणूक होण्याचा संभव असतो. त्यावर उपाय म्हणून भारतातील बहुतेक मोठ्या विमानतळांवर ‘प्रीपेड’ टॅक्सीची व्यवस्था आहे. तीत प्रवासी ठरलेल्या दराने खिडकीवर पैसे भरतो, पावती घेतो आणि मुक्कामी पोचल्यावरच ती चालकाच्या स्वाधीन करतो. पैसे आधी भरलेले असले, तरी ते चालकाच्या हाती पडणे प्रवाशाच्या सुखरूप पोचण्यावर अवलंबून राहते, हे या पद्धतीचे मर्म होय. बस स्वस्त असून एकाच विमानतळावरून नगराच्या अनेक भागांत जाऊ शकते. बंगलोरचा विमानतळ मे २००८ मध्ये नगराबाहेर देवनहळ्ळी येथे गेल्यानंतर तेथील नगर परिवहन संस्थेने अशा बसगाड्यांचे जाळे उभारले. रेल्वे व मेट्रो यांचा मुख्य गुण म्हणजे वेळेची निश्चिती. मात्र त्यांचा बांधणीखर्च मोठा असल्याने प्रवाशांची संख्या फार असेल तेथेच त्या परवडतात.

जोडणीच्या कसोट्या : जोडणी चांगली की वाईट हे केवळ वेगावरून ठरत नाही. तिला तीन कसोट्या लावाव्या लागतात. पहिली, ती विमानतळाच्या इमारतीतच सुरू होते काय. दुसरी, विमाने ज्या वेळी ये-जा करतात त्या वेळी ती चालू असते काय. आणि तिसरी, ती जेथे संपते तेथून पुढचा प्रवास सहज करता येतो काय. यांपैकी एकही कसोटी उतरली नाही, तर मोठ्या खर्चाची जोडणीही प्रवासी टाळतात.

टोकिओपासून सु. ६० किमी. अंतरावरील नारिता विमानतळ १९७८ मध्ये सुरू झाला. तथापि रेल्वे इमारतीपासून काही अंतरावरच थांबे व तेथून प्रवाशांना बस घ्यावी लागे. रेल्वे प्रत्यक्ष विमानतळाच्या इमारतीखाली येण्यास १९९१ साल उजाडले. शांघायच्या चुंबकीय रेल्वेने आरंभी ताशी ४३० किमी. वेगाने सु. ३० किमी. अंतर ८ मिनिटांत तोडले; पण ती नगराच्या मध्यभागी न जाता अलीकडेच संपत असल्याने प्रवाशाला सामानासह दुसरी गाडी गाठावी लागते. दिल्लीची विमानतळ मेट्रो फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू झाली व नगरातील स्थानकावरच सामान विमान कंपनीच्या स्वाधीन करण्याची सोयही तीत होती. मात्र उन्नत मार्गाच्या आधारांत दोष आढळल्याने ती जुलै २०१२ ते जानेवारी २०१३ या काळात बंद ठेवावी लागली. कॅनडातील माँट्रिऑलचा मिराबेल विमानतळ १९७५ मध्ये भव्य प्रमाणावर उभारण्यात आला. त्याला नगराशी जोडणारी नियोजित रेल्वे झालीच नाही आणि जुना, जवळचा विमानतळ चालूच राहिला. प्रवासी दूरच्या विमानतळाकडे वळले नाहीत व २००४ मध्ये तेथील प्रवासी वाहतूक बंद करण्यात आली. दुबळी जोडणी हे त्याच्या अपयशाचे एक प्रमुख कारण मानतात.

मुंबई : मुंबईची विमानवाहतूक प्रथम जुहू येथे होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन निघालेले विमान तेथेच उतरविले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही वाहतूक सांताक्रूझ येथे हलविण्यात आली व पुढे सहार येथे आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी स्वतंत्र इमारत झाली. दोन्ही जागा तेव्हा नगराच्या कडेला होत्या. आज त्या दाट वस्तीने वेढलेल्या आहेत. पश्चिम रेल्वेचा उपनगरी मार्ग विमानतळापासून काही किलोमीटरांवरून जातो, पण तो इमारतीपर्यंत कधीच आला नाही. सामान घेऊन उतरलेल्या प्रवाशाला अंधेरी वा सांताक्रूझ स्थानकापर्यंत रिक्षा करावी लागे आणि पुढे लोकलच्या गर्दीत पेटी चढविणे दुष्कर असे. नगराच्या दक्षिण भागात, वांद्रे व शीव यांच्या पलीकडे, रिक्षांना परवानगी नसल्याने थेट जाणाऱ्याला टॅक्सीवाचून गत्यंतर नव्हते.

फेब्रुवारी २०१४ मध्ये नवी इमारत व तिला पश्चिम द्रुतगती महामार्गाशी जोडणारा सहार उन्नत मार्ग वापरात आला. त्याने अखेरच्या दोन-अडीच किमी. अंतरातील कोंडी टळली. महामार्गावरची टळली नाही. मूलभूत बदल घडला तो आरे ते कफ परेड या ३३.५ किमी. लांबीच्या भुयारी मेट्रोमुळे (मार्ग ३). विमानतळाच्या दोन्ही इमारतींजवळ तिची स्थानके आहेत. तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, दुसरा मे २०२५ मध्ये व अखेरचा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत गाडी न बदलता जाता येत असल्याने पहिली व तिसरी कसोटी येथे बऱ्याच अंशी उतरते. दुसरी मात्र उतरत नाही : परदेशांतून येणारी अनेक विमाने मध्यरात्र ते पहाट या काळात उतरतात व त्या वेळी मेट्रो बंद असते. पाळीवर येणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही हीच अडचण जाणवते. प्रवासी वर्षातून एकदा-दोनदा या मार्गाने जातो, कर्मचारी रोज. म्हणून वाहतुकीच्या नियोजनात त्यांची गणना प्रथम व्हावयास हवी.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबईकरांना तो खाडीपलीकडे असल्याने त्याचे यशापयश जोडणीवरच अवलंबून राहील. शिवडी ते न्हावा-शेवा हा सु. २१.८ किमी. लांबीचा सागरी सेतू (‘अटल सेतू’) जानेवारी २०२४ मध्ये खुला झाल्याने मोटारीची सोय झाली आहे.

नागपूर व गोंदिया : आंतरराष्ट्रीय विमानतळ ज्या नगराजवळ असतो त्याचाच केवळ नसतो; भोवतालच्या जिल्ह्यांचाही असतो. विदर्भाच्या पूर्व टोकाकडील गोंदिया जिल्हा (स्थापना १ मे १९९९) हे याचे बोलके उदाहरण होय. येथील प्रवाशाला परदेशी जावयाचे असल्यास प्रायः नागपूर अथवा मुंबई येथील विमानतळ गाठावा लागतो. विमानतळापासून नगरात जाणे हा त्याच्या लेखी मुक्काम नसून मधला टप्पा असतो.

नागपूरचा सोनेगाव (आताचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय) विमानतळ वर्धा मार्गालगत, नागपूर रेल्वे स्थानकापासून सु. ८ किमी. अंतरावर आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल-विमानसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री येथे एकत्र येत व टपाल आणि प्रवासी यांची अदलाबदल करून परतत. त्या प्रवाशांना नगरात जाण्याचे कारणच नसे. आज बहुतेकांना नगरात वा त्यापलीकडे जावयाचे असते. मार्च २०१९ मध्ये वर्धा मार्गावरील मेट्रोचे उद्घाटन झाले व डिसेंबर २०२२ मध्ये पूर्वेकडील शाखा पूर्ण होऊन नागपूर रेल्वे स्थानकही तिला जोडले गेले. विमानतळाच्या नावाचे मेट्रो स्थानक मात्र इमारतीत नसून वर्धा मार्गावर आहे. मधले अंतर दुसऱ्या वाहनाने काटून, सीताबर्डी येथे मेट्रो बदलून रेल्वे स्थानक गाठावे लागते. तेथून गोंदिया लोहमार्गाने सु. १३० किमी. आहे. विमान, रिक्षा, मेट्रो, पुन्हा मेट्रो व रेल्वे असे चार बदल सामान व मुलाबाळांसह करण्याऐवजी पुष्कळ कुटुंबे घरूनच मोटार घेऊन येतात वा भाड्याची मोटार ठरवितात. मुंबईस उतरणाऱ्या प्रवाशाची स्थिती ऑक्टोबर २०२५ पासून या बाबतीत सुधारली आहे : विमानतळावरून मेट्रोने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला येऊन त्याला थेट गोंदियापर्यंत जाणारी विदर्भ एक्सप्रेस गाठता येते. म्हणजे अंतर कितीतरी अधिक असूनही बदलांची संख्या कमी आहे.

खुद्द गोंदियापासून सु. १२ किमी. अंतरावर बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धकाळात, १९४० मध्ये, बांधलेला विमानतळ आहे. २००५ मध्ये तो भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आला व पुढे तेथे वैमानिक प्रशिक्षणही सुरू झाले. मार्च २०२२ मध्ये येथून इंदूर व हैदराबाद यांकडे प्रवासी विमानसेवा सुरू झाली. ती थोड्याच काळात खंडित झाली. १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबाद व तिरुपती यांच्याशी पुन्हा संबंध जोडण्यात आला. दिवसाकाठी एखादेच विमान येत असलेल्या ठिकाणी रेल्वे वा सतत फिरणारी बस परवडत नाही. विमानाच्या वेळेशी बांधलेली आणि गोंदिया रेल्वे स्थानकापर्यंत जाणारी एक बस हीच अशा विमानतळाला साजेशी जोडणी होय. विमानास उशीर झाला तर तिने थांबले पाहिजे, एवढीच तिची अट. हीच अट मोठ्या विमानतळांच्या खर्चिक जोडण्यांनाही लागू आहे. कारण प्रवाशाचा प्रवास विमान उतरल्यावर नव्हे, तर तो घरी पोचल्यावर संपतो.