'स्त्रीमदजन' ही संज्ञा आणि चिंतेचे शरीरशास्त्र

परिभाषा घडविताना मूळ संज्ञेचा शब्दार्थ उतरवून घ्यावा, की त्या संज्ञेने दर्शविलेली वस्तू पाहून नवा शब्द बनवावा, हा आपल्याकडील परिभाषाकारांपुढचा जुनाच प्रश्न आहे. पुष्कळदा पहिला मार्ग पत्करला जातो आणि त्यामुळे मूळ भाषेतील एखादा कालबाह्य समज आपल्या भाषेत नकळत प्रवेश करतो. ईस्ट्रोजेन या संप्रेरकासाठी मराठी शास्त्रीय लेखनात योजलेला 'स्त्रीमदजन' हा शब्द याचे चांगले उदाहरण होय. ताणाच्या प्रसंगी हे द्रव्य शरीरात कोणते कार्य करते ते पाहिले, म्हणजे संज्ञा आणि वस्तू यांत केवढे अंतर पडले आहे हे वाचकांच्या ध्यानात येईल.

ग्रीक भाषेत 'ओइस्त्रोस' म्हणजे गुरांना डसणारी गोमाशी. आणि लक्षणेने, तिच्या दंशामुळे येणारे बेभानपण. त्यावरून मादीच्या माजाला 'ईस्ट्रस' हे नाव पडले आणि माज उत्पन्न करणारे द्रव्य ते ईस्ट्रोजेन ठरले. या वर्गातील पहिले संप्रेरक १९२९ साली अमेरिकेत डॉइझी व जर्मनीत बूटेनांट यांनी स्वतंत्रपणे शुद्ध स्वरूपात वेगळे केले. आपला 'माजणे' हा शब्द संस्कृत 'मद्' धातूपासूनच आलेला असल्याने 'स्त्रीमदजन' हे भाषांतर व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष आहे. मात्र त्याबरोबर गोमाशीही मराठीत आली. गर्भाशयवाचक ग्रीक शब्दावरून बनलेल्या 'हिस्टेरिया' या संज्ञेचा इतिहास असाच आहे. स्त्रीच्या मनोव्यथेचे मूळ तिच्या गर्भाशयात शोधणारी ही संज्ञा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीतून १९८० साली, म्हणजे तिच्या तिसऱ्या आवृत्तीत, निदानाचे नाव म्हणून वगळण्यात आली. संज्ञा गेली, तरी समज गेला असे म्हणवत नाही.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. भयाचा वा ताणाचा प्रसंग आला म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातून एक प्रेरक द्रव्य स्रवते. ते पोष ग्रंथीला चेतविते. पोष ग्रंथीचे संप्रेरक रक्तावाटे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोहोचते. आणि त्या ग्रंथींच्या बाह्यकातून कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक बाहेर पडते. कॉर्टिसॉलमुळे रक्तातील साखर वाढते व शरीर प्रसंगाला तोंड देण्यास सिद्ध होते. पुढे हेच कॉर्टिसॉल मेंदूकडे परतून मूळ प्रेरणेला आवर घालते. हा आवर वेळेवर न पडल्यास ताण ओसरल्यावरही शरीर सावधच राहते.

या साखळीवर ईस्ट्रोजेनचा प्रभाव पडतो, हे प्रथम प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसून आले. प्रयोगशाळेतील उंदरांच्या माद्यांमध्ये, ऋतुचक्रात ईस्ट्रोजेनचे प्रमाण सर्वाधिक असते त्या अवस्थेत ताण दिल्यास ताणाच्या संप्रेरकांची पातळी इतर अवस्थांपेक्षा अधिक चढते, असे १९९१ साली दाखविण्यात आले. एवढ्यावरून 'ईस्ट्रोजेन म्हणजे चिंता' असे समीकरण मांडण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. तथापि त्याच द्रव्याने काही प्रयोगांत प्राण्यांची भीती कमी झालेलीही आढळत होती. या विसंगतीचा उलगडा व्हावा कसा?

उलगड्याची एक महत्त्वाची वाट १९९६ साली सापडली. संप्रेरक स्वतः काही करीत नाही. पेशीतील विशिष्ट ग्राही प्रथिनाशी त्याचा संयोग झाला म्हणजे कार्य घडते. ईस्ट्रोजेनचे असे एकच ग्राही आहे, असा तोवर समज होता. १९९६ साली स्वीडनमधील संशोधकांनी दुसरे ग्राही शोधून काढले आणि पहिल्याला आल्फा, दुसऱ्याला बीटा ही नावे रूढ झाली. हे दुसरे ग्राही सापडले ते उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीत, म्हणजे केवळ नराला असणाऱ्या अवयवात! नराच्या मेंदूतही टेस्टोस्टेरोनचा काही अंश ईस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो. तेव्हा 'स्त्री' हे पूर्वपदही संज्ञेत पूर्णांशाने टिकत नाही.

केवळ एकाच ग्राहीशी संयोग पावणारी कृत्रिम द्रव्ये पुढे उपलब्ध झाली. ती उंदरांना देऊन केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. आल्फा ग्राही चेतविल्यास भीतीदर्शक वर्तन व ताणाचे संप्रेरक वाढले. बीटा ग्राही चेतविल्यास दोन्ही उणावली. भाषेच्या अभ्यासकाला यात काही नवल वाटू नये. 'पान' हा शब्द झाडाखाली उच्चारला, ग्रंथालयात उच्चारला किंवा जेवणानंतर उच्चारला, तर अर्थ निरनिराळा होतो. ध्वनी तोच राहतो. ईस्ट्रोजेनचा 'अर्थ'ही ते कोठे, कोणत्या ग्राहीला आणि किती काळ भेटते यावर ठरतो.

मनुष्याच्या बाबतीत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. रक्तातील सुमारे ८० ते ९० टक्के कॉर्टिसॉल एका वाहक प्रथिनाला बांधलेले असते आणि मुक्त अंशच पेशींवर कार्य करतो. तोंडाने घेतलेल्या ईस्ट्रोजेनमुळे यकृतात हे वाहक प्रथिन अधिक बनते. म्हणून गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीच्या रक्तात एकूण कॉर्टिसॉल बरेच वाढलेले दिसते. पण लाळेतील मुक्त कॉर्टिसॉल मोजले, तर ताणाच्या प्रसंगी ते पुरुषांच्या मानाने कमीच चढते, असे १९९९ सालच्या एका अभ्यासात आढळले. मोजणी कशाची केली हे न पाहता काढलेला निष्कर्ष येथे नेमका उलटा ठरला असता.

चिंताविकार स्त्रियांत पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतात, ही गोष्ट खरी आहे. परंतु तिचे कारण केवळ संप्रेरकाच्या पातळीत शोधता येत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ स्त्रियांना गर्भारपणातल्याप्रमाणे संप्रेरके देऊन ती एकाएकी थांबविण्यात आली. ज्या ८ जणींना पूर्वी प्रसूतीनंतर विषण्णता आली होती, त्यांपैकी ५ जणींना पुन्हा तसा त्रास झाला. उरलेल्या ८ जणींपैकी एकीलाही झाला नाही. संप्रेरकांची घट सर्वांना सारखीच होती. हा प्रयोग लहान व विषण्णतेविषयीचा असला, तरी त्याचा बोध चिंतेच्या विचारातही उपयोगी आहे: उतार हे निमित्त होते, आणि त्या निमित्ताला कोणाचा मेंदू कसा प्रतिसाद देईल हे ज्याच्या त्याच्या पूर्वेतिहासावर अवलंबून होते.

हे ज्ञान उशिरा आले, याला कारण आहे. मादीचे ऋतुचक्र निष्कर्षांत घोटाळा करील या धारणेने संशोधक नर प्राण्यांवरच प्रयोग करीत आले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, मेंदूविज्ञानातील एकाच लिंगाच्या प्राण्यांवर केलेल्या अभ्यासांत नरांवरील अभ्यासांचे मादींवरील अभ्यासांशी प्रमाण ५.५ ला १ असे आढळले.

मराठीपुरते पाहावयाचे, तर 'ईस्ट्रोजेन' हाच शब्द स्वीकारणे श्रेयस्कर, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्याच्या पोटातली गोमाशी मराठी वाचकाला दिसत नाही. 'स्त्रीमदजन' मधील मद मात्र उघड दिसतो. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर झोप उडालेली, छातीत धडधडणारी एखादी स्त्री वैद्याकडे जाते, तेव्हा तिच्या तक्रारीला 'मद' किंवा 'बायकांचे नेहमीचेच' असे नाव मिळाले, तर पुढची तपासणी तेथेच खुंटते. तिच्या शरीरातील एका नियामक द्रव्यात चढउतार होत आहेत व त्यांवर उपाय असू शकतो, असे म्हटले तर तपासणीला आरंभ होतो.