घरातलं वाय-फाय मंद का चालतं? तपासणी आणि उपाय



पूर्वी सातबारा पाहिजे असला की तलाठ्याकडे खेपा घालाव्या लागत. आता तो घरबसल्या मोबाइलवर पाहता येतो. पीकविमा, पीएम किसानची ई-केवायसी, धान खरेदीची नोंदणी, हवामानाचा अंदाज, मुलांचा अभ्यास, ही सारी कामे इंटरनेटवर आली आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या अनेक गावांत फायबरची तार पोचली आणि घरात राउटरची डबी बसली. पण विम्याची शेवटची तारीख आली, की नेमके तेव्हाच पडद्यावर चाक फिरत राहते. मग कास्तकार म्हणतो, "साहेब, पैसे तर दर महिन्याला भरतो, पण नेट काही पळत नाही." आणि लगेच महागडा प्लॅन घेतो. तेवढ्याने गुण येतोच असे नाही. धानावर तुडतुडे आहेत की करपा, हे न पाहता आपण फवारणी करीत नाही. इथेही तसेच आहे. आधी रोग ओळखावा, मग औषध आणावे.

दोष नेमका कुठे आहे?

आपल्या मामा तलावाचे उदाहरण घ्या. शेवटच्या बांधीत पाणी पोचले नाही, तर तीन कारणे असू शकतात. तलावातच पाणी कमी आहे, पाट फुटला आहे, किंवा पाणी आपल्या धुऱ्यापर्यंत येऊन आतल्या बांध्यांत अडले आहे. इंटरनेटचेही असेच तीन टप्पे आहेत. कंपनीचे केंद्र म्हणजे तलाव, घरापर्यंतची फायबर म्हणजे पाट, आणि राउटरपासून मोबाइलपर्यंतचे वाय-फाय म्हणजे आतल्या बांध्या.

तपासणी अशी करावी :

१. घरातल्या बाकीच्या मोबाइलचे आणि टीव्हीचे वाय-फाय बंद करावे.
२. राउटरपासून सहा-सात फुटांवर उभे राहून वेग मोजणारे अॅप किंवा संकेतस्थळ उघडावे. तीन वेळा मोजून आकडे वहीत लिहावेत.
३. जिथे नेट मंद चालते त्या खोलीत जाऊन पुन्हा तीन वेळा मोजावे.
४. हेच सकाळी एकदा आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास एकदा करावे.

राउटरजवळ वेग चांगला आणि आतल्या खोलीत कमी, तर दोष घरातला आहे. मोठा प्लॅन घेऊन तो जाणार नाही. राउटरजवळही वेग कमी असेल, तर लॅपटॉप तारेने राउटरला जोडून मोजावे. तारेवरही कमीच आला, तर दोष कंपनीच्या बाजूचा समजावा. फक्त रात्री कमी होत असेल, तर त्या वेळी गावात वापर वाढतो आणि एकाच पाटाचे पाणी अनेकांत वाटले जाते.

आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्लॅनचा वेग एमबीपीएसमध्ये, म्हणजे मेगाबिटमध्ये सांगतात. फाइल उतरवताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटचा असतो. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून ४० चा प्लॅन असेल आणि फाइल सेकंदाला ५ मेगाबाइटने उतरत असेल, तर तो पूर्ण वेग आहे. त्यात फसवणूक नाही.

घरातले दोष आणि उपाय

जागा : रेडिओच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात. त्या डोंगर-जंगल ओलांडून येतात. वाय-फायही रेडिओलहरच, पण तिची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, आणि शक्ती फार थोडी. मातीची जाड भिंत, लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी, पाण्याचा ड्रम, टिनाची पडदी, या सर्वांनी ती अडते. म्हणून राउटर कोपऱ्यात, कपाटामागे किंवा जमिनीवर ठेवू नये. घराच्या मध्यभागी, छातीएवढ्या उंचीवर, उघड्या फळीवर ठेवावा.

दोन पट्टे : बऱ्याच राउटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. २.४ चा पट्टा लांब पोचतो, पण वेग कमी देतो. ५ चा वेग जास्त, पण तो भिंतीपलीकडे लवकर थकतो. त्याच खोलीत काम असेल तर ५ वर जोडावे, ओसरीत किंवा सांदवाडीत बसायचे असेल तर २.४ वर.

शेजारचा राउटर : लागून घरे असली, की २.४ च्या पट्ट्यात एकमेकांचा गोंधळ होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो निवडावा. हे तीनच एकमेकांत मिसळत नाहीत.

पासवर्ड : एकदा कुणाला सांगितलेला पासवर्ड साऱ्या आळीत पोचतो. दर काही महिन्यांनी बदलावा. पाटावर किती जण मोट लावतात, ते मालकाला ठाऊक असावे.

दूरची खोली : गोठ्याजवळच्या खोलीत नेट हवे असेल, तर वेग वाढवण्यापेक्षा तिथे दुसरा राउटर तारेने जोडणे बरे. अशी तांब्याची तार १०० मीटरपर्यंत चालते. बिनतारी रिपीटर लावायचा तर तो वाटेत, जिथे चांगला वेग मिळतो तिथे लावावा. मंद जागी लावला तर तो मंद वेगच पुढे पाठवतो.

वीज : दाब कमी-जास्त झाला की राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावावा. राउटर अडखळू लागला, तर बटण बंद करून अर्धा मिनिट थांबावे व पुन्हा चालू करावे. मात्र मागच्या बारीक भोकात काडी घालू नये. त्याने सारी सेटिंग पुसली जाते आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत नेट बंद राहते.

फायबरचे दोष

डबीवर 'लॉस' नावाचा दिवा लाल लागला, तर फायबरमधून प्रकाश येत नाही असे समजावे. तार उंदराने कुरतडली, फांदी पडून तुटली किंवा फार वाकली, तर असे होते. घरातल्या तारेचे मुठीपेक्षा लहान वेटोळे करू नये. खिळ्यावर कसून बांधू नये. तुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नये. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. लाल दिवा असेल तर थेट तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. वहीतले आकडे असले, की बोलणे नेमके होते. भारतात ब्रॉडबँडची किमान व्याख्या २०२३ पासून २ एमबीपीएस आहे. त्याआधी ती ५१२ केबीपीएस होती.

महिन्याच्या शेवटी वेग अचानक उतरतो का, तेही पाहावे. अनेक प्लॅनमध्ये ठरलेला डेटा संपला की वेग आपोआप कमी होतो. तो बिघाड नव्हे.

विजा चमकत असताना

मृग लागला की आपल्या भागात कडाक्याच्या विजा पडतात. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, पण तिला आधार देणारी पोलादी तार आणि घरातली वायरिंग यांतून येऊ शकते. गडगडाट सुरू होण्यापूर्वीच राउटरचा प्लग काढून ठेवावा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र प्लग किंवा तारेला हात लावू नये. विजेचा इशारा देणारे 'दामिनी' अॅप मोबाइलवर घेऊन ठेवावे. ते मोबाइलच्या डेटावरही चालते.

थोडक्यात सांगायचे तर, आधी मोजा, मग राउटर हलवा, नंतर पट्टा आणि चॅनल बदला, आणि एवढे करूनही फरक पडला नाही तरच तक्रार करा किंवा प्लॅन वाढवा. विम्याचा अर्ज शेवटच्या रात्रीपर्यंत ठेवू नका. पऱ्हे वेळेवर टाकतो, तसे हे कामही वेळेवर उरकावे. आपल्या घरी कोणता उपाय लागू पडला, ते कार्यक्रमाला पत्राने जरूर कळवा.