पराभवाच्या धास्तीतून आलेला कायदा

सरकारी कर्मचाऱ्यांना बळ देण्यासाठी दोन विरोधी पक्ष एकत्र येतात, ते कधी आणि कशासाठी? अमेरिकेचा जवळपास दीडशे वर्षांचा अनुभव याचं रोखठोक उत्तर देतो.

४ जानेवारी १८८३ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहानं एक विधेयक १५५ विरुद्ध ४७ मतांनी मंजूर केलं. आठवडाभर आधी सिनेटनं ते ३८ विरुद्ध ५ मतांनी संमत केलं होतं. सरकारी नोकऱ्या वशिल्यानं देण्याऐवजी परीक्षा घेऊन द्याव्यात, असा त्याचा गाभा. ते मांडणारे ओहायोचे सिनेटर जॉर्ज पेंडलटन डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. त्याला हिरिरीनं मतं दिली ती मात्र सत्ताधारी रिपब्लिकन पक्षानं, ज्याची सगळी यंत्रणा वशिल्याच्या नोकऱ्यांवरच पोसली गेली होती. सही केली ती अध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी. हे आर्थर एकेकाळी न्यू यॉर्क बंदराच्या जकात कार्यालयाचे प्रमुख होते, आणि ते कार्यालय म्हणजे वशिल्याच्या भरतीचं माहेरघर. १८७८ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या अध्यक्षांनी त्यांना तिथून दूर केलं होतं.

अशा माणसांच्या हातून असा कायदा का झाला, हे कोडं सोडवलं की या विषयाची बरीचशी उकल होते.

जिंकेल त्याच्या नोकऱ्या

अँड्र्यू जॅक्सन १८२९ मध्ये अध्यक्ष झाले, तेव्हापासून अमेरिकेत एक रिवाज पक्का झाला होता. निवडणूक जिंकणाऱ्या पक्षानं पोस्टमास्तरांपासून कारकुनांपर्यंत जुनी माणसं काढायची आणि आपली बसवायची. नेमणूक झालेल्यानं पगारातला ठरावीक हिस्सा पक्षनिधीत टाकायचा. न टाकणाऱ्याची नोकरी धोक्यात. नवा अध्यक्ष आला की त्याच्या दारात उमेदवारांच्या रांगा लागत. यादवी युद्ध चालू असतानाही लिंकन यांचे कित्येक तास अशा भेटींमध्ये जात.

या रांगेतल्याच एकानं २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. चार्ल्स गिटो त्याचं नाव. आपण लिहिलेल्या एका भाषणामुळे गारफिल्ड निवडून आले, अशी त्याची समजूत होती आणि त्याच्या मोबदल्यात त्याला पॅरिसमधलं वकिलातीचं पद हवं होतं. गारफिल्ड अडीच महिने झुंजले आणि १९ सप्टेंबरला गेले. उपाध्यक्ष आर्थर त्यांच्या जागी आले. नोकरी न मिळालेल्या माणसानं अध्यक्षांचा जीव घेतला, ही गोष्ट देशभर पसरली आणि भरतीच्या सुधारणेची मागणी घराघरात पोचली.

पण लोकक्षोभ हे अर्धंच कारण. त्यानंतरही वर्षभर विधेयक पडूनच होतं. ते हललं नोव्हेंबर १८८२ मध्ये, जेव्हा रिपब्लिकन पक्ष प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीत सपाटून हरला. जुन्या सभागृहाची मुदत मार्चपर्यंत होती. दोन वर्षांनी अध्यक्षपदही हातचं जाणार, अशी चिन्हं दिसू लागली. ते गेलं असतं तर हजारो रिपब्लिकन कारकून रस्त्यावर आले असते. परीक्षेचा आणि संरक्षणाचा कायदा त्याआधीच झाला तर? आपली माणसं जागेवर राहतील आणि येणाऱ्या पक्षाला त्या जागा वाटता येणार नाहीत, हे गणित सुटायला वेळ लागला नाही. पराभव समोर दिसताच सुधारणेचं पुण्य सगळ्यांना आठवलं.

कायद्यातली युक्ती

हेतू काहीही असो, कायदा चांगला लिहिला गेला होता. मसुदा डॉर्मन ईटन या वकिलाचा. त्यांनी आधी ब्रिटनमध्ये जाऊन तिथल्या नोकरभरतीचा अभ्यास केला होता, आणि इथे या कथेचा धागा थेट हिंदुस्थानाला येऊन मिळतो. ब्रिटनमध्ये गुणवत्तेवर भरतीची शिफारस करणारा १८५४ चा प्रसिद्ध अहवाल नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन या दोघांचा. त्यातले चार्ल्स ट्रेव्हेलियन कंपनी सरकारच्या बंगालमधल्या नोकरीत तयार झालेले. त्याच वर्षी त्यांचे मेहुणे मेकॉले यांच्या समितीनं हिंदुस्थानातल्या सनदी नोकरीसाठी खुली स्पर्धा परीक्षा सुचवली. १८५५ मध्ये लंडनला पहिली परीक्षा झाली. १८६९ च्या यशस्वी उमेदवारांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि रमेशचंद्र दत्त यांच्या जोडीला मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर होते. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये आज जी मुलं बसतात, त्यांची परीक्षा आणि वॉशिंग्टनच्या कारकुनाची परीक्षा एकाच घराण्यातल्या आहेत.

पेंडलटन कायद्यानं तीन सदस्यांचा आयोग नेमला आणि अट घातली, की त्यातले दोनांहून अधिक एका पक्षाचे नसावेत. म्हणजे पक्षांमधलं सहकार्य सदस्यांच्या सौजन्यावर न सोडता आयोगाच्या रचनेतच बसवलं. पक्षनिधीसाठी कर्मचाऱ्यांकडून सक्तीनं वर्गणी घेण्यावर बंदी आली. तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. आटलेल्या वर्गणीची भरपाई करायला पक्ष मोठ्या उद्योगांच्या दाराशी जाऊ लागले.

सुरुवातीला एकूण नोकऱ्यांपैकी जेमतेम दहा टक्के या कायद्याखाली आल्या. बाकीच्यांचं काय? त्यांना कायद्याखाली आणण्याचा अधिकार अध्यक्षांना दिला होता. पुढच्या चार निवडणुकांमध्ये, १८८४ पासून १८९६ पर्यंत, अध्यक्षपद दर वेळी एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेलं. जाणारा प्रत्येक अध्यक्ष निघताना आणखी काही हजार जागा परीक्षेच्या कक्षेत टाकून जाई. त्यामुळे त्यानं नेमलेली माणसं सुरक्षित होत. येणारा चरफडे, पण स्वतः जाताना तेच करी. अशा रीतीनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निम्म्याहून अधिक नोकऱ्या गुणवत्तेच्या पद्धतीत आल्या. पेंडलटन यांच्या पदरी मात्र नाराजीच पडली. हातातोंडाशी आलेल्या नोकऱ्या घालवल्याचा राग ओहायोतल्या त्यांच्याच पक्षानं काढला आणि त्यांना पुन्हा सिनेटवर पाठवलं नाही.

तोंड बंद केलेले कर्मचारी

परीक्षा आली तरी नोकरीवरून काढण्यावर पुरेसं बंधन नव्हतं. ते १९१२ च्या लॉइड–ला फॉलेट कायद्यानं आलं. मिसुरीचे जेम्स लॉइड डेमोक्रॅट, विस्कॉन्सिनचे रॉबर्ट ला फॉलेट रिपब्लिकन. या वेळी एकीचं कारण वेगळं होतं. थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्यानंतर टाफ्ट या अध्यक्षांनी कर्मचाऱ्यांना परस्पर संसद सदस्यांकडे गाऱ्हाणी न्यायला मनाई केली होती. पोस्टातला कारकून बोलणार नसेल तर खात्यात काय चाललंय, हे प्रतिनिधींना कळायचं कसं? त्यामुळे हा प्रश्न दोन पक्षांचा न राहता संसद विरुद्ध अध्यक्ष असा झाला. कायद्यानं संसदेकडे दाद मागण्याचा कर्मचाऱ्यांचा हक्क मान्य केला, आणि सेवेची कार्यक्षमता वाढेल अशाच कारणासाठी, आरोप लेखी देऊन आणि उत्तराची संधी देऊनच काढता येईल, अशी अट घातली.

सहकार्याची दोन खरी कारणं इथे स्पष्ट होतात. एक, उद्या आपण विरोधी बाकांवर असू ही धास्ती. दोन, सभागृहाचा स्वतःचा अधिकार राखण्याची गरज. कर्मचाऱ्यांविषयीचा कळवळा असलाच तर या दोघांच्या मागून येतो.

अलीकडचे दोन दाखले

पहिला दाखला भरतीचा. पदवीधरांसाठीची केंद्रीय लेखी परीक्षा अल्पसंख्याक उमेदवारांवर अन्याय करते, असा दावा झाला आणि १९८१ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती बंद पडली. तिची जागा पुढे बहुतांशी स्वमूल्यांकनाच्या प्रश्नावलीनं घेतली. ‘या कामात तुम्ही किती निष्णात आहात?’ या प्रश्नापुढे उमेदवारानं स्वतःच खूण करायची. नम्र माणूस मागं पडे, धीट माणूस यादीत वर येई. संगणकतज्ज्ञ निवडायचा असला तरी छाननी करणारा आस्थापना विभागातला, ज्याला त्या कामाची जाण असेलच असं नाही. यावर उपाय म्हणून त्या कामातल्या जाणकारांनीच उमेदवारांची परीक्षा घ्यावी, असा प्रयोग २०१९ च्या सुमारास काही खात्यांत झाला. त्याला कायद्याचं रूप देणारं विधेयक रिपब्लिकन प्रतिनिधी व्हर्जिनिया फॉक्स यांनी मांडलं. जानेवारी २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहात त्याच्या विरोधात फक्त दोन मतं पडली. सिनेटमध्ये अपक्ष सदस्य कर्स्टन सिनेमा यांनी तसंच विधेयक आणलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी त्यावर सही केली. पदवीपेक्षा कौशल्य तपासा, उमेदवाराचं स्वतःविषयीचं मत पुरेसं मानू नका, असं त्याचं सार. भरती बिघडली की दोन्ही पक्षांच्या मतदारांची कामं सारखीच अडतात, म्हणून इथे भांडायला जागाच नव्हती.

दुसरा दाखला भांडणाचा. मार्च २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन अनेक खात्यांतल्या कर्मचारी संघटनांचा सामूहिक वाटाघाटींचा हक्क आदेशानं काढून घेतला. तो परत मिळावा म्हणून मेन राज्याचे डेमोक्रॅट जेरेड गोल्डन आणि पेनसिल्व्हेनियाचे रिपब्लिकन ब्रायन फिट्झपॅट्रिक एकत्र आले. सभागृहाचं नेतृत्व त्यांचं विधेयक चर्चेला घेईना, तेव्हा त्यांनी २१८ सदस्यांच्या सह्या जमवून ते सभागृहासमोर आणायला भाग पाडलं. डिसेंबर २०२५ मध्ये ते २३१ विरुद्ध १९५ मतांनी मंजूर झालं. वीस रिपब्लिकनांनी पक्षाच्या विरोधात मत दिलं. फिट्झपॅट्रिक, न्यू यॉर्कचे माइक लॉलर अशांचे मतदारसंघ अटीतटीचे आहेत, हे लक्षात घेतलं की १८८२ च्या थंडीतलं गणित पुन्हा ओळखू येतं. प्रतिनिधीगृहाच्या मंजुरीनं मात्र कायदा होत नाही. सिनेटची संमती आणि अध्यक्षांची सही, किंवा सही नाकारल्यास दोन्ही सभागृहांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं.

अध्यक्षांच्या हातातली किल्ली

पेंडलटन कायद्याचं यश ज्या तरतुदीत होतं, त्याच तरतुदीच्या घराण्यातून आजचा पेच आला आहे. कोणत्या जागा परीक्षेच्या कक्षेत घ्यायच्या आणि कोणत्या अपवाद ठरवायच्या, हे बऱ्याच अंशी अध्यक्षांवर सोडलं होतं. एकोणिसाव्या शतकात त्या अधिकारानं संरक्षणाची कक्षा वाढत गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी ‘शेड्यूल एफ’ हा आदेश काढला, तो अपवादाचाच अधिकार वापरून. धोरणाशी संबंध येणाऱ्या हजारो पदांचं संरक्षण काढून घेण्याची त्यात सोय होती. बायडन यांनी जानेवारी २०२१ मध्ये तो रद्द केला आणि ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी, दुसऱ्या कारकिर्दीच्या पहिल्याच दिवशी, त्याला पुन्हा जीव दिला.

म्हणून अशा विधेयकाच्या बातमीत किती पक्षांनी पाठिंबा दिला, हा आकडा दुय्यम. त्यातला कोणता भाग कायद्याच्या मजकुरात आहे आणि कोणता एका सहीनं फिरवता येतो, हे आधी पाहावं. अधिकार सैल सोडणं १८८३ मध्ये परवडलं, कारण दर चार वर्षांनी खुर्ची बदलत होती आणि बसलेल्या प्रत्येकाला उठायची वेळ दिसत होती. आपण कधी हरणारच नाही असं एखाद्या पक्षाला वाटू लागलं, की तोच सैलपणा कर्मचाऱ्याच्या मुळावर येतो. कर्मचारी खंबीर हवा असेल तर त्याचं संरक्षण कायद्याच्या मजकुरात बारकाईनं लिहावं लागतं, आणि ते लिहिण्याची उत्तम वेळ म्हणजे निवडणुकीचा निकाल कुणालाच खात्रीनं सांगता येत नसतो ती.