पेशींच्या गावात : सिलियांची लांबी कोण ठरवतं?

रायपूरहून भिलाईकडे निघालं, खारून ओलांडली की कुम्हारी. महामार्गावर ट्रकांची रांग, पुढे पोलादाचा कारखाना. धरमसी मोरारजी कंपनीने आपल्या सुपर फॉस्फेट खताचा एक कारखाना इथेच काढला होता. या खताला गंधकाम्ल लागतं आणि गंधकाम्लासाठी गंधक जाळावा लागतो. अशा ठिकाणची धूळ, धूर, वायू श्वासनलिकेत शिरले की त्यांची गाठ पडते सिलियांशी, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या पक्ष्माभिकांशी.

सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून त्या कफ घशाकडे कसा ढकलतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्यांच्या वाढीबद्दल. न्यूयॉर्कच्या एका गटाने २००९ मध्ये मोजमाप घेतलं, तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांच्या सिलिया इतरांपेक्षा आखूड भरल्या. खोकल्याची तक्रारही नसलेल्या धडधाकट माणसांच्यासुद्धा.

सिलिया एकदा उगवली की काम संपलं, असं नसतं. तिच्या टोकाला ट्युब्युलिन या प्रथिनाच्या विटा सतत बसतात आणि सतत निखळतात. दोन्ही वेग जुळतात तिथे लांबी ठरते.

हे कळलं डबक्यातल्या क्लॅमिडोमोनास या एकपेशीय शेवाळामुळे. त्याच्या दोन कशाभिकांची बांधणी आपल्या सिलियांसारखीच असते. १९६९ मध्ये जोएल रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी त्यातली एकच तोडली. तुटलेली वाढू लागली, पण धड असलेली आखडू लागली! दोघी एका मापाला आल्या आणि मग जोडीने वाढल्या. (इतका देखणा प्रयोग क्वचितच वाचायला मिळतो.) कोल्चिसिन घातल्यावर तुटलेली वाढेना, धड असलेली मात्र आखडतच राहिली. कोल्चिसिन म्हणजे आपल्या कळलावीतलं विष. गाउटवर ते अगदी थोडं देतात. ते ट्युब्युलिनला चिकटतं, त्यामुळे नवी वीट बसत नाही. जुन्या निखळायच्या थांबत नाहीत.

माणसाच्या पेशींतल्या सिलियांवरचे प्रयोग बऱ्याचदा डोळ्याच्या पडद्यामागच्या थरातून आलेल्या आरपीई-१ पेशींवर होतात. त्यांच्यावर सिलिया उगवायला हवी असेल तर काही घालायचं नसतं, उलट काढून घ्यायचं असतं: पोषणद्रवातलं सीरम एक-दोन दिवस बंद करतात. सिलिया ज्या सेंट्रिओलवर उभी राहते, तोच पेशीविभाजनालाही लागतो. सीरमबरोबर वाढीचे संकेत थांबले, विभाजन थांबलं, की तो मोकळा होतो. सायटोकॅलेसिन-डी या रसायनाचा मार्ग निराळा. ते पेशीतल्या ॲक्टिन या प्रथिनाचं जाळं विस्कटतं आणि सिलिया लांबतात.

लिथियमनेही त्या लांबतात, आणि बायपोलर आजारावरचं औषधही तेच. म्हणून लगेच ‘सिलिया वाढवणारी गोळी’ असा मथळा करायला मन धावतं. पण बशीतल्या पेशींना लिथियम अनेकदा ५० ते १०० मिलिमोलर दिलेलं असतं. रुग्णाच्या रक्तात ते साधारण ०.६ ते १.२ ठेवतात, १.५ च्या वर गेलं तर विषबाधेची धास्ती.

शिवाय लांब सिलिया चांगलीच, हे तरी कुणी सांगितलं? टीजी७३७ जनुक बिघडलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात सिलिया खुरटलेल्या आहेत, हे २००० मध्ये दिसलं. त्या मूत्रपिंडात पुटी भरतात. जेसीके नावाच्या उंदरांत सिलिया नेहमीपेक्षा लांब असतात, आणि पुटी त्यांनाही होतात. पुढच्या आठवड्यात त्याच मूत्रपिंडात शिरू.