दौंडची डेमू मांजरीला का अडकते?

दौंडहून सकाळी निघालेली डेमू मांजरीपर्यंत ठीक येते आणि मग हलतच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेजारून एक एक्सप्रेस धडधडत जाते, तरीही सिग्नल पडत नाही. ऑफिसातला लेट मार्क पक्का.

दौंड ते पुणे अंतर साधारण ७५ किलोमीटर. मार्ग दुहेरी आहे, विद्युतीकरणही झालंय. मग अडतं कुठे?

दुहेरी म्हणजे जायला एक रूळ, यायला एक. पुण्याकडे येणाऱ्या मेल-एक्सप्रेस, मालगाड्या आणि नोकरदारांची डेमू, सगळ्यांना तोच एक रूळ. नगर रस्त्यावरच्या कोंडीत सापडलेला वढू बुद्रुकचा माणूस निदान दुचाकी आडवाटेने काढू शकतो. रुळावर ती सोय नाही.

डेमू प्रत्येक स्टेशनात थांबते. त्यात ती डिझेलवर चालणारी, थांबून पुन्हा वेग घ्यायला विजेच्या लोकलपेक्षा जास्त वेळ लागतो. मागची एक्सप्रेस तिला गाठणारच. मग कंट्रोल रूम डेमूला एखाद्या स्टेशनात लूप लाइनवर घेते. एक्सप्रेस पुढे गेली तरी तिने पुढचा टप्पा मोकळा केल्याशिवाय डेमूला सिग्नल मिळत नाही. आणि ती एक्सप्रेस स्वतःच उशिरा धावत असेल, तर तिची हक्काची वेळ कधीच निघून गेलेली असते. ती डेमूच्या वेळेत घुसते. म्हणजे रात्री सोलापूरच्या पलीकडे झालेला उशीर सकाळी उरुळीचा प्रवासी भोगतो.

लोणीला तेल कंपन्यांच्या डेपोंच्या मालगाड्या आत-बाहेर होतात, त्याही सावकाश. पुढे घोरपडीला मिरजेचा मार्ग येऊन मिळतो. आणि पुणे स्टेशनात प्लॅटफॉर्म सहाच. एकही रिकामा नसेल तर गाडी बाहेरच उभी.

यातल्या एका गाठीवर उपाय झाला. मनमाडकडून पुण्याला येणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. कॉर्ड लाइनमुळे ते टळतं. मुंबईत ठाणे-दिवा दरम्यान पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, ती लांबच्या गाड्या लोकलच्या वाटेतून बाजूला काढायलाच. दौंड मार्गावर डेमूला असा वेगळा रूळ नाही.

एक गंमत मात्र वेळापत्रकात नीट बघा. शेवटच्या टप्प्याला मुद्दाम जादा मिनिटं दिलेली असतात. त्यामुळे वाटेत रखडलेली गाडीही कधीकधी पुण्यात ‘वेळेवर’ पोहोचते.